लांडग्याची दहशत आणि कुत्र्याची लाळ

माळावर लांडगा दिसल्याची नुसती वार्ता आली की ज्या गावातून वनखात्याकडे बंदोबस्ताचा अर्ज तातडीने रवाना होतो, त्याच गावात पारावरच्या कुत्र्याने पोराच्या पोटरीला दात लावले तर जखमेवर चुना किंवा तिखट दाबून त्याला दुसऱ्या दिवशी शाळेत धाडले जाते, आणि या दोन वर्तनांत काही विसंगती आहे असे कोणालाही वाटत नाही. लांडगा नरभक्षक, कोल्हा कपटी, रानकुत्रा क्रूर आणि कुत्रा मात्र आपला, ही वर्गवारी इतक्या जाणत्या माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकावी लागते की तिची एकदा रीतसर चौकशी करणे प्राप्त आहे.

लांडग्यावरील आरोप सर्वस्वी निराधार नाही, हे आधीच नमूद केले पाहिजे. १९९३ ते १९९५ या काळात त्या वेळच्या बिहारातील हजारीबाग परिसरात आणि १९९६ मध्ये उत्तर प्रदेशातील प्रतापगढ, सुलतानपूर व जौनपूर या जिल्ह्यांत लांडग्यांनी लहान मुले उचलून नेली. यादवेंद्रदेव झाला यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांपैकी उत्तर प्रदेशातील प्रकरणाची जागेवर जाऊन तपासणी केली, आणि २०२४ मध्ये बहराइचमध्ये पुन्हा तसेच दुर्दैव ओढवले. परंतु ही प्रकरणे वर्षानुवर्षे स्मरणात राहतात ती ती विरळा आहेत म्हणूनच. नॉर्वेतील निसर्ग-संशोधन संस्थेने जगभरच्या उपलब्ध नोंदी धुंडाळून २००२ ते २०२० या एकोणीस वर्षांचा जो अहवाल सिद्ध केला, त्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत सापडलेली माणसे ४८९ आणि त्यांतील मृत २६ असा हिशेब निघाला. आणि त्या ४८९ पैकी ३८० माणसे भुकेल्या लांडग्याच्या नव्हे, तर पिसाळलेल्या लांडग्याच्या तावडीत सापडली होती. म्हणजे लांडग्याच्या खाती जमा केलेल्या अपराधांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग वस्तुतः अलर्काचा, अर्थात रेबीजचा आहे.

आता या रोगाचा माणसाकडे येण्याचा राजमार्ग कोणता, हे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत विषाणू येतो तो कुत्र्याकडून. भारतातील मृत्यूंविषयी मतभेद आहेत: संघटनेचा जुना अंदाज वर्षाला १८ ते २० हजारांचा होता, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये १५ राज्यांत घरोघर जाऊन जी पाहणी केली, तिच्यावरून वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यू होत असावेत असे अनुमान निघाले. फुगवल्याचा संशय राहू नये म्हणून धाकटाच आकडा घेऊ. तरीही जगभरच्या लांडग्यांना जेवढी माणसे मारण्यास एकोणीस वर्षे लागली, तेवढी आपल्या देशात रेबीज दोन दिवसांच्या आत मारतो. हे सांगितले की समोरचा गृहस्थ क्षणभर गप्प होतो आणि मग म्हणतो, 'पण ती भटकी कुत्री. आमचा मोत्या तसा नाही.' मोत्याचा स्वभाव उत्तम असेल. त्याला लस टोचली आहे काय, आणि रात्री तो कोणाशी भांडून येतो, एवढेच विचारायचे असते.

मेंढ्यांचा प्रश्न निराळा आहे. मेंढ्यांभोवतीची जाळी, म्हणजे वाघूर, ओलांडून लांडगा कोकरू नेतो, धनगराचे नुकसान होते, आणि ते खरे आहे. परंतु माळावर फाडलेली प्रत्येक मेंढी लांडग्याचीच असते असे नाही. वन्य प्राण्याने जनावर मारले तर सरकारी भरपाई मिळते, कुत्र्याने मारले तर मिळत नाही, तेव्हा पंचनाम्यात कोणाचे नाव लिहिले जावे अशी पंचांची इच्छा असते हे सांगण्यास ज्योतिषी नको. गंमत अशी की प्रत्यक्ष नुकसान सोसणारा धनगर लांडग्याविषयी गावातल्या दुकानदारापेक्षा कितीतरी शांतपणे बोलतो.

इंग्रजी अमदानीत लांडगा मारणारास इनाम मिळे, आणि इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांवर लांडगे मारले गेले. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेला हा प्राणी ज्या संकटांना तोंड देत आहे, त्यांत गावकुत्रा हेही एक आहे: त्याच्याकडून डिस्टेंपर आणि रेबीज येतात, आणि पुणे जिल्ह्याच्या माळरानावर तर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय पुरावे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणी कोणाला भ्यावे?

उरलेले प्रवाद थोडक्यात निकालात काढता येतील. रानकुत्रा, म्हणजे कोळसुंदा, शेपटी मूत्रात भिजवून सावजाच्या डोळ्यांत मारतो व त्याला आंधळे करतो, ही कपोलकल्पित कथा आहे. तो कळपाने शिकार करतो आणि माणसाच्या वाटेस सहसा जात नाही. कोल्ह्याच्या डोक्यावर शिंग नसते, मग ते कोणी कितीही महागात विको. मात्र दिवसाढवळ्या माणसांवर धावून येणाऱ्या कोल्ह्याने चावा घेतला, तर रेबीजची शंका धरून उपचार केलेच पाहिजेत. भाद्रपदात कुत्री पिसाळत नाहीत, तो त्यांचा मीलनकाळ असतो. रेबीज कोणत्याही महिन्यात होतो. पिल्लाचा चावा निरुपद्रवी, हेही खोटे. आणि कुत्रा पाणी प्याला म्हणजे तो पिसाळलेला नाही, ही समजूत तर साक्षात प्राणघातक आहे, कारण पाण्याची ती विख्यात भीती माणसातील रोगाचे लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा खुशाल पाण्यात तोंड घालतो.

रक्त आले नाही, नुसते ओरखडले, म्हणून थांबणारे लोक सर्वांत अधिक भेटतात. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, त्यास बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि लक्षणे दिसू लागल्यावर उपचाराचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. म्हणून साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन, चुना, तिखट, तेल काहीही न लावता, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कातडी फुटून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेभोवती प्रतिद्रव्यही टोचावे लागते, आणि ते तेथे मागून घ्यावे. पोटात चौदा सुया टोचतात या भीतीने अजूनही लोक टाळाटाळ करतात. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झाली, आणि आता दंडात टोचतात ती नवी लस घेण्यासाठी सरकारी दवाखान्यात चार खेपा पुरतात: लस सुरू होते त्या दिवशी, मग त्यानंतरच्या तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.