शिकलगाराच्या हातचा गंधार

भोपळ्यांत एक भोपळा असा असतो, की त्याची भाजी करायची कुणाची छाती होत नाही. कडूजहर असतो. हट्टानं खाल्लाच कुणी, तर पोटात असा दंगा मांडतो की रात्री वैद्याला उठवावं लागतं. पण हाच भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडं, भीमेकाठच्या रानात, लोक मुद्दाम लावतात, वेलावर चांगला जून होऊ देतात, वाळवतात आणि मिरजेला धाडतात. कारण गाण्याच्या कामाला त्याच्या तोडीचं दुसरं फळ नाही.

स्वभावही न्याराच आहे गड्याचा. याची पांढरी फुलं दिवस कलल्यावर उमलतात आणि परागाची देवघेव रात्री येणाऱ्या पतंगांकडून करून घेतात. फळ वाळलं की साल लाकडासारखी टणक, आत पोकळ, आणि पाण्यात टाकलं तर बुडायचं नाव नाही. याचं मूळ आफ्रिकेतलं, आणि अमेरिकेतली माणसं तर दहा हजार वर्षांपूर्वीपासून याची भांडी करून वापरत होती. मग मधला एवढा समुद्र ओलांडून याला तिकडं नेलं कुणी? शास्त्रज्ञ या कोड्यावर बरेच झुरले. एका जोडीनं तर भोपळे खाऱ्या पाण्यात सात महिन्यांवर तरंगत ठेवून पाहिले, आणि नंतर आतलं बी पेरलं तर ते रुजलंदेखील. शेवटी २०१४ साली जुन्या भोपळ्यांची जनुकं तपासली, तेव्हा निकाल लागला : अमेरिकेतले ते भोपळे आफ्रिकेतल्यांचेच वंशज, कुणी न नेता आपले आपण अटलांटिक महासागर तरून गेलेले.

तर असला हा खलाशी मिरजेत उतरतो तो सितारमेकर गल्लीत. तिथं तो कसा पोचला, याची गोष्ट तलवारीपासून सुरू होते. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान, आणि संस्थान म्हटलं की हत्यारं आली, हत्यारं आली की त्यांना धार लावणारे शिकलगार आले. पुढं इंग्रजांचा अंमल बसला, लढाया थांबल्या, तलवारी खुंटीला टांगल्या गेल्या आणि शिकलगारांचे हात रिकामे झाले. गवई मात्र दरबारात येतच होते, आणि गवई आला की त्याचा तंबोरा आला, तंबोरा आला की प्रवासात कुठंतरी तडकलेला आला. आता तो दुरुस्तीला धाडायचा कुठं, उत्तरेत? गावात फरीदसाहेब म्हणून शिकलगार होते, मोडलेली कसलीही वस्तू जोडून देण्यात त्यांची ख्याती. लोक तंबोरे त्यांच्याकडं न्यायला लागले. दुरुस्ती करता करता माणसाला वस्तूचं पोट कळतं. १८५०च्या सुमाराला फरीदसाहेब स्वतःच तंबोरे घडवू लागले, घराण्याचं आडनावही पुढं सितारमेकर झालं, आणि एकाचं पाहून दुसरा असं करत अख्खी गल्ली त्या कामाला लागली.

काम मोठं निगुतीचं. भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, कापायचा, आतला गीर आणि बिया खरवडून काढायच्या, आकार राहावा म्हणून आत काड्यांचे टेकू देऊन परत सुकवायचा. मग तुणीच्या लाकडाची तबली, गळा आणि दांडी, त्यावर खुंट्या, मणी, नक्षी. मर्दानी तंबोऱ्याला भोपळा थोराड, जनानीला त्याहून बेताचा.

पण खरी जादू आहे ती घोडीत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीत. ती सांगण्यासाठी आधी जरा इटलीत जाऊन येऊ, लांब असलं तरी बसल्या जागी जायचंय. क्रेमोना गावात अंतोनियो स्त्रादिवारी नावाचा व्हायोलिन करणारा होऊन गेला. १६६६ सालची त्याच्या नावाची चिठ्ठी एका व्हायोलिनच्या पोटात सापडते, आणि १७३७ साली, नव्वदी उलटल्यावर, तो वारला तोवर हातातली हत्यारं खाली ठेवली नव्हती. हजाराच्या वर वाद्यं केली त्यानं, त्यातली साडेसहाशेच्या आसपास आज शिल्लक आहेत आणि कोट्यवधींना विकली जातात. त्यांच्या आवाजाचं गुपित वार्निशात की लाकडात, यावर शास्त्रज्ञांच्या पिढ्या खपल्या. मग २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला कुणीतरी गंमत केली : एकवीस निष्णात वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचे काळे चष्मे चढवले, हॉटेलातल्या खोलीत अंधार केला आणि जुनी-नवी व्हायोलिनं हातात देऊन विचारलं, आवडलं कुठलं? सगळ्यांत जास्त पसंती मिळाली एका नव्या वाद्याला, आणि तळाला गेलं खुद्द स्त्रादिवारीचं एक!

तेव्हा वार्निश, लाकूड राहू द्या, आता व्हायोलिनची घोडी बघा; वरची कड पातळ, तार तिथं एका रेषेवर टेकते आणि संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद, माथ्याला किंचित गोलसर उतार दिलेली. कृष्णेच्या घाटाच्या उतरणीवर पाणी जसं थोडं चढतं, थोडं मागं सरतं, तशी तार दर कंपनाला त्या उतारावर टेकत आणि सुटत जाते. त्यातून बारीक, उंच उपस्वरांची झुंड उठते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात, त्याला गवई जीव म्हणतात. तो केसभर इकडं-तिकडं झाला की बंद आवाज खुलतो, नाहीतर खुला आवाज मिटतो.

तंबोऱ्याच्या या आवाजाचं कोडं चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याही कानात बसलं होतं. नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी, कलकत्त्यात, त्यांनी व्हायोलिन आपोआप वाजवणारं यंत्र बांधलं होतं, आणि १९२१ साली ते वीणा-तंबोऱ्याच्या घोडीकडं वळले. थॉमस यंगचा जुना नियम असा, की तारेतल्या एखाद्या उपस्वराची जी जागा स्थिर राहते, नेमकी तिथंच तार छेडली तर तो उपस्वर मुका राहिला पाहिजे. रामन यांनी छेडून पाहिलं, तर आमची वाद्यं नियम धाब्यावर बसवून तो उपस्वरही खणखणीत ऐकवतात! कारण, ती उताराची घोडी.

म्हणून तर चार तारांवर पंचम आणि षड्ज एवढेच लावलेले असताना खर्जातून गंधार ऐकू येतो. कुणी लावलेला नाही, कुणी छेडलेला नाही. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो उपस्वर घोडीनं फुलवून वर आणलेला असतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. असले स्वर मापायचे तर कानही तयारीचा लागतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांची, मोजमापं करत बसले होते, तेव्हा त्यांनी कान उसना घेतला तो गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं, स्वतःच्या हातानं वाद्यं दुरुस्तही करत, आणि १९३७ साली प्रवासात देह ठेवल्यावर त्यांना आणून मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यातच विसावा दिला. तिथं उरुसाला अजून दरसाल गाणं होतं.

आता मला जे वाटतं ते सांगतो. घोडीला तो उतार देण्याला जवारी काढणं म्हणतात, आणि ती काढायची कानशीनं, घासून, ऐकून, पुन्हा घासून. एक घासा कमी पडला तर तार मुकी, एक जास्त झाला तर खरखर. हे माप कुठल्या पट्टीवर सापडायचं नाही. पण जे घराणं पिढ्यान्‌पिढ्या पात्यावरून केसभर लोखंड उतरवत आलं, त्याच्या बोटांना ते आधीच ठाऊक होतं. तलवार गेली, तरी तलवारीला धार लावणारा हात वाया गेला नाही. स्त्रादिवारी गेल्यावर सहा वर्षांच्या आत त्याच्या हाताखाली तयार झालेले दोन्ही मुलगेही गेले, आणि पुढच्यांना वार्निशात शोधाशोध करत बसावं लागलं. मिरजेत बापाच्या शेजारी बसून पोरानं कान आणि हात दोन्ही घडवले, म्हणून २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दाखवायला नुसती जुनी वाद्यं नव्हती, कामावर बसलेले कारागीरही होते.

तेव्हा कधी मिरजेला तंबोरा घ्यायला गेलात, तर नक्षीला भुलू नका. चारही तारा सुरात लावून मागा, खर्ज सावकाश छेडा आणि गंधार येतो का ते ऐका. नाही आला, तर संकोच न करता तसं कारागिराला सांगा. तो रागावणार नाही, कानस घेऊन पुन्हा बसेल.