विषय म्हणजे प्रश्न नव्हे! (एका शहराच्या मदतीने)

पीएच.डी.च्या मुलाखतीत बरेच जण टॉपिक छान सांगतात, पण "तुमचा संशोधन-प्रश्न काय?" असं विचारलं की गाडी अडते. हा फरक आज आपण इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर या शहराच्या आधारे समजून घेऊ. सेव्हर्न नदीकाठचं हे शहर एका भव्य कॅथेड्रलसाठी आणि जुन्या गोदीसाठी ओळखलं जातं.

'ग्लॉस्टरचा इतिहास' हा झाला विषय. रोमन वसाहतीपासून आजपर्यंत जवळजवळ दोन हजार वर्षं! एवढं सगळं एका प्रबंधात मावणारच नाही. मग प्रश्न कसा काढायचा?

१. खटकणारी गोष्ट पकडा
कॅथेड्रलपासून थोडं चाललं की गोदी लागते. विटांची उंच गोदामं, नौका, शांत पाणी. सगळं आहे, फक्त समुद्र नाही! मग समुद्रापासून इतक्या आत गोदी कशाला? इथे प्रश्न जन्माला येतो.

२. पहिलं उत्तर तपासून बघा
सोपं उत्तर असं: १८२७ साली कालवा सुरू झाला, म्हणून बंदर झालं. पण पहिल्या एलिझाबेथ राणीने ग्लॉस्टरला बंदराचा दर्जा दिला तो १५८० साली. म्हणजे कालव्याच्या जवळजवळ अडीचशे वर्षं आधी! उत्तर कोसळलं, पण प्रश्न सुधारला: नदी होतीच, तर कालवा का खणला?

कारण नदीतच आहे. सेव्हर्नच्या मुखाशी भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरपर्यंत जातो. वरचा भाग उथळ, वळणावळणांचा, त्यात सरकणारे वाळूचे पट्टे. मोठ्या जहाजांना हा रस्ता धोक्याचा होता. म्हणून शार्पनेस ते ग्लॉस्टर असा सुमारे २६ किलोमीटरचा कालवा नदीला समांतर खणला. दोन्ही टोकांना जलद्वारं असल्यामुळे बाहेर भरती असो वा ओहोटी, आतली पातळी टिकून राहते.

३. पुरावा कोणाचा, हे विचारा
आता कॅथेड्रलकडे वळू. आधी हा मठ होता. आजच्या इमारतीचं काम १०८९ साली सुरू झालं. १३२७ मध्ये दुसऱ्या एडवर्ड राजाचं इथे दफन झालं आणि पुढच्या काही दशकांत जुन्या जाड भिंतींवर नव्या, उभ्या रेषांच्या शैलीचं काम चढलं. पैसा कुठून आला? मठाचा स्वतःचा इतिहास म्हणतो, राजाच्या थडग्यावर भाविकांनी वाहिलेल्या दानातून. नंतरचे अभ्यासक राजघराण्याच्या आश्रयावर जास्त भर देतात. मठाने लिहिलेला इतिहास मठाच्या बाजूने झुकणारच ना? म्हणून तो फेकून द्यायचा नाही. दुसऱ्या पुराव्याशी ताडून बघायचा.

४. मर्यादा आखा
याच कॅथेड्रलमध्ये एडवर्ड जेन्नरचा पुतळा आहे. देवीची लस शोधणारा जेन्नर जवळच्याच बर्कलीचा. ती लस १८०२ साली मुंबईत पोहोचली. आपल्याला लगेच मोह होतो, "हेही घेऊया!" थांबा. विषय सुंदर आहे, पण तो दुसरा प्रबंध आहे.

कालव्याचंही असंच झालं. १७९३ साली कायदा झाला तेव्हा तो बर्कलीपर्यंत न्यायचा होता. पैसे संपले, काम रखडलं. शेवटी लांबी कमी करून तो शार्पनेसला संपवला. ३४ वर्षं लागली, पण जहाजं ग्लॉस्टरला पोहोचली. मूळ उद्देश तोच ठेवला आणि आवाका कमी केला, म्हणून हे जमलं.

आता वही घ्या. तुमचा टॉपिक एका ओळीत लिहा. त्याखाली त्यातली खटकणारी एक गोष्ट लिहा आणि पुढे 'का?' किंवा 'कसं?' जोडा. उत्तर शोधायला कोणता पुरावा लागेल, हे सांगता आलं तर प्रश्न मिळाला. नाही आलं, तर सिनॉप्सिस लिहायची घाई करू नका.