फोनमधला चोरपाहुणा

खामगावच्या बाजारातला सोयाबीनचा भाव पाहायला आपण मोबाइल उघडतो. तोच जाहिरात आडवी येते. ती बंद करावी, तर दुसरी हजर! असे का होते? आपण टॉर्चचे, खेळाचे फुकट ॲप घेतो. त्यातून हा चोरपाहुणा घरात शिरतो. जाहिरात दाखवली की त्याच्या धन्याला पैसे मिळतात. आपले नेट नि बॅटरी मात्र उगीच संपते.

कधी लाल अक्षरे येतात, "फोनमध्ये व्हायरस आहे, लगेच येथे दाबा." आम्हीही एकदा घाबरून दाबले, अन् आणखी एक नको ते ॲप घेऊन बसलो. मंडळी, त्या पानाला आपल्या फोनच्या आत डोकावता येत नाही. मग त्याला व्हायरस दिसला कसा? पान बंद करावे. सेटिंगमध्ये जाऊन नवे, अनोळखी ॲप काढून टाकावे. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून फोन तपासायची साधने फुकट दिली आहेत. फसवणुकीत पैसे गेलेच, तर तासभरही न थांबता १९३० वर फोन करावा.