मुनीम बाहेरचा चालेल, वही घरचीच हवी

मराठवाड्यातील बाजारपेठांत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीपूजनाची परंपरा आजही पाळली जाते. मात्र पाटावरील दृश्य बदलले आहे. लाल बांधणीच्या चोपडीशेजारी, आणि कित्येक दुकानांत तिच्या जागी, आता संगणक मांडलेला असतो व त्याच्या पडद्याच्या कडेला कुंकवाचे बोट लागते. हा केवळ चालीरीतीतील फरक नव्हे. रोजकीर्द आणि खतावणी ही दुकानाची स्मरणशक्ती होय. ती कागदावरून यंत्रात गेली, तेव्हा तिचा सांभाळ कोणी करावा, हा नवा आर्थिक प्रश्न लहान व्यावसायिकापुढे उभा राहिला. पगारी माणूस ठेवून हे काम घरच्या घरी करावे, की बाहेरच्या जाणकाराला कंत्राटाने द्यावे?

मोठ्या उद्योगसमूहांत या प्रश्नाचा खल सल्लागारांच्या बैठकांतून होतो. शिरूर अनंतपाळसारख्या गावी तो गल्ल्यावर बसलेल्या माणसाला एकट्यानेच सोडवावा लागतो. लातूर जिल्ह्याच्या १० तालुक्यांपैकी एका लहान तालुक्याचे हे ठिकाण. सोयाबीन, तूर व हरभरा या पिकांवर येथील उलाढाल उभी. आडत दुकाने, खते-बियाण्यांचे विक्रेते, किराणा-भुसार, औषधांची दुकाने, पतसंस्था आणि गावोगावच्या सोसायट्या ही अशा पेठेची घडण. यांपैकी फारच थोड्यांनी हौसेने संगणक घेतला असेल. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विवरणपत्रे संगणकावरूनच भरणे क्रमप्राप्त ठरले. २०१८ पासून अनुदानित खताची विक्री देशभर आधार-पडताळणी करणाऱ्या यंत्रातून होऊ लागली. मृगाचा पाऊस पडून पेरणीची घाई सुरू असताना हे यंत्र बंद पडले, तर गोदामात खत असूनही विक्री थांबते. तेव्हा यंत्राची देखभाल ही येथे चैन उरलेली नाही. ती धंद्याची पूर्वअट झाली आहे.

खर्चाचा हिशेब

एखादी गोष्ट स्वतः करावी की बाजारातून विकत घ्यावी, या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली केली. बाजारातून सेवा घेण्यालाही खर्च येतो, असे त्याचे म्हणणे. योग्य माणूस शोधणे, दर ठरवणे, करार करणे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे, या सर्वांचा तो खर्च. तो जोवर स्वतः काम करण्याच्या खर्चापेक्षा कमी आहे, तोवर बाहेरून काम करून घेणे शहाणपणाचे. एरवी ते घरातच व्हावे. या विचाराचे मोल जगाला उशिरा कळले. कोसला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९१ मध्ये.

हे तत्त्व तालुक्याच्या पेठेला लावून पाहावे. समजा, एका दुकानाची वार्षिक उलाढाल ६० लाख रुपये आहे व त्यावर ५ टक्के निव्वळ नफा सुटतो. म्हणजे वर्षाची कमाई ३ लाख. संगणकाचे ज्ञान असलेला तरुण १५ हजार रुपये मासिक वेतनावर ठेवला, तर वर्षाला १ लाख ८० हजार रुपये, अर्थात नफ्याचा तीन पंचमांश भाग, त्याच्यावरच खर्ची पडेल. शिवाय त्याला पुरेल इतके काम दुकानात असणार नाही आणि पहिल्या चांगल्या संधीसरशी तो लातूरला किंवा पुण्याला निघून जाईल. म्हणून केवळ खर्चाच्या कसोटीवर लहान दुकानदाराने हे काम बाहेर सोपवणेच योग्य ठरते. प्रत्यक्षात बहुतेकांनी तसे केलेही आहे, आणि त्यात त्यांची चूक नाही.

परावलंबनाची किंमत

तथापि हिशेब येथे संपत नाही. कोसचा विचार पुढे नेणाऱ्या ऑलिव्हर विल्यमसनने (नोबेल पारितोषिक, २००९) दाखवून दिले की, करारापूर्वी ग्राहकासमोर अनेक विक्रेते असतात. पण एकाशी व्यवहार जडून बराच काळ गेला की तो त्याच्याशी बांधला जातो. सोडून जाण्याचा खर्च इतका वाढतो की निवड करण्याचे स्वातंत्र्य नावापुरते उरते.

संगणकाच्या बाबतीत ही बांधिलकी नकळत घडते. हिशेबाची प्रणाली एकाने बसवून दिलेली असते, कराची विवरणपत्रे दुसरा भरतो. पासवर्ड मालकाने कधी विचारलेला नसतो. कर-संकेतस्थळावर नोंदलेला मोबाइल क्रमांक सल्लागाराचा असल्याने ओटीपीही त्याच्याकडेच जातो. मागील वर्षांच्या नोंदींची प्रत निलंग्याच्या, उदगीरच्या किंवा लातूरच्या कोणा कार्यालयातील संगणकात असते. क्वचित ती कोठेच नसते. सर्व सुरळीत आहे तोवर ही व्यवस्था सोयीची वाटते. परंतु दर वाढले, मतभेद झाले, किंवा तो माणूस आजारी पडला वा धंदा बंद करून गेला, की मालक स्वतःच्याच हिशेबाला परका होतो. जुना मुनीमही बाहेरचाच असे. पण तो दुकानात येऊन वही लिहीत असे आणि संध्याकाळी वही दुकानातच राहत असे. आज मुनीम येत नाही आणि वहीच त्याच्या घरी गेली आहे. फरक आहे तो हाच.

या फरकाची झळ एकट्या दुकानदाराला बसत नाही. आडतीच्या हिशेबात शेकडो शेतकऱ्यांची पट्टी, उचल आणि येणे-देणे असते. कृषी सेवा केंद्राच्या खात्यात सुगीवर फिटायची उधारी असते. पतसंस्थेच्या संगणकात शिक्षकाची, शिपायाची, विधवेची ठेव असते. ही नोंद हरवली तर तंटा होतो, आणि ज्याच्या हाती कागद नाही अशा दुबळ्या पक्षालाच बहुधा माघार घ्यावी लागते.

३१ जुलै २०२४ चा धडा

काम बाहेर सोपवण्यातील धोका किती व्यापक असू शकतो, हे ३१ जुलै २०२४ रोजी दिसले. लहान बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर संगणकहल्ला झाला. भारतीय स्टेट बँक व टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या भागीदारीतून ही कंपनी उभी राहिली आहे. हल्ल्याचा संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयके महामंडळाने तिचा किरकोळ देयक-व्यवस्थेशी असलेला संबंध तात्पुरता तोडला. दुसऱ्या दिवशी तो पूर्ववत झाला. मधल्या काळात देशातील सुमारे ३०० लहान सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांचे ग्राहक यूपीआय आणि एटीएमच्या व्यवहारांना मुकले. देशाच्या एकूण देयक-व्यवहारांत या बँकांचा वाटा अवघा अर्धा टक्का असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. देशाच्या दृष्टीने ही संख्या किरकोळ खरी. पण ज्या खातेदाराचे दुसरे खातेच नाही, त्याच्या दृष्टीने तो व्यवहाराचा शंभर टक्के होता. एका बँकेचीही चूक नसताना शेकडो बँका एकाच वेळी थांबल्या. कारण सर्वांनी आपला भार एकाच खांबावर टेकवला होता.

यावरून ‘सारे घरातच करा’ असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ पासूनची, मोठी व साधनसंपन्न. तिच्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या संगणकहल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये काढून नेण्यात आले. एवढ्या संस्थेला जे रोखता आले नाही, ते कोपऱ्यातील दुकानात ठेवलेला एकटा संगणक आणि पेनड्राइव्ह रोखतील, ही आशा भाबडी आहे. मग घर की बाहेर, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. कोणते काम द्यायचे आणि कोणता अधिकार राखायचा, असे विचारावे लागते.

काय द्यावे, काय राखावे

कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये बँकांच्या संगणकसेवा बाहेर सोपवण्याविषयी निर्देश काढले. ते १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आले. काम दुसऱ्याकडे दिले तरी जबाबदारी संस्थेचीच राहते आणि करारातून बाहेर पडण्याची वाट आधीच आखलेली हवी, हा त्यांचा गाभा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही हेच तत्त्व मानले आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाचे अभिलेख संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवण्याचे बंधन नोंदणीकृत व्यापाऱ्यावर आहे, सल्लागारावर नाही. ‘ते सर्व आमचे साहेब पाहतात’ हे उत्तर कोणत्याही कार्यालयात चालत नाही.

तेव्हा दुरुस्ती, प्रणालीची स्थापना, विषाणूंपासून संरक्षण, विवरणपत्रांची तयारी ही कामे खुशाल बाहेर द्यावीत. परंतु चार गोष्टी कधीही हातून सोडू नयेत. सर्व पासवर्ड मालकाकडे लेखी असावेत आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक त्याचाच असावा. नोंदींच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांतील एक दुकानाबाहेर असावी. हा जगभरच्या जाणकारांचा नियम असून त्याला एखाद्या बाहेरच्या हार्डडिस्कपलीकडे फारसा खर्च नाही. तिसरी गोष्ट कराराची. करार संपल्यास सर्व नोंदी वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळतील, हे एक वाक्य त्यात हवेच. चौथी गोष्ट म्हणजे ज्ञान: घरातील निदान एका व्यक्तीला दिवसाचा हिशेब काढता यावा आणि साठवलेली प्रत पुन्हा उघडून पाहता यावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती असून नसल्यासारखीच. आणि पावतीपुस्तक अडगळीत टाकू नये. १९ जुलै २०२४ रोजी सदोष संगणकप्रणालीमुळे जगभरची सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली, तेव्हा भारतातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले होते.

सहकाराची वाट

एकट्याला न परवडणारे दहांना मिळून परवडते, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको. वर ज्या तरुणाचे वेतन एका दुकानाला पेलवत नव्हते, तोच १० दुकानांनी मिळून ठेवला तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाकाठी १८ हजार रुपये येतील. नफ्याच्या तीन पंचमांशाऐवजी अवघे ६ टक्के. माणूस गावातला, हाकेच्या अंतरावरचा. त्याला पुरेसे काम आणि गावातच उपजीविका. घर आणि बाहेर यांच्यामधला हा तिसरा मार्ग आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनेने तो हाती घ्यावा आणि परिसरातील महाविद्यालयांनी त्यासाठी विद्यार्थी तयार करावेत.

सोसायट्यांच्या बाबतीत शासनाने असाच विचार मोठ्या प्रमाणावर केला. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सरासरीने संस्थेमागे सुमारे ४ लाख रुपये. सर्वांसाठी एक समान प्रणाली असल्याने खर्च वाचतो, हे खरे. पण भार एकाच खांबावर टेकल्याने काय होते, हेही आता ठाऊक आहे. गटसचिवाला आणि संचालकांना आपल्या सभासदाचे खाते स्वतः वाचता आले, त्याची प्रत संस्थेत राहिली, तरच ती प्रणाली सोसायटीची म्हणता येईल. नाही तर कर्जदाराच्या नावापुढील आकडा खरा की खोटा, हे गावात कोणीच सांगू शकणार नाही.

मजुरी देऊन कष्ट विकत घेता येतात, कौशल्यही विकत घेता येते. जबाबदारी मात्र विकता येत नाही. पुढच्या लक्ष्मीपूजनाला संगणकावर कुंकू वाहण्यापूर्वी प्रत्येक दुकानदाराने त्याच्या किल्ल्या कोणाच्या कनवटीला आहेत, एवढे तपासून पाहावे.