फटका, चुरी आणि आय-फाइव्ह

लातूरच्या डाळमिलमध्ये तुरीचं पोतं उलटं केलं की त्यातून एकच माल निघत नाही. अख्खी, चकचकीत फटका डाळ वेगळी, तुकडा पडलेली चुरी वेगळी आणि जनावरांच्या गव्हाणीत जाणारी चुनी वेगळी. सॉर्टेक्स यंत्राच्या कॅमेऱ्याला डागाळलेला दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. तूर एकाच शेतातली, भाव मात्र तीन.

नांदेडच्या एखाद्या दुकानात पीसी असेंबल करून घ्यायला गेलेल्या विद्यार्थ्याला हे गणित ठाऊक असलं, तर त्याचा एक घोळ मिटेल. इंटेलच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचे दोन प्रकार, 12400 आणि 12400एफ. दोघांना सहा कोअर, दोघांचा वेग तोच. तरी जानेवारी 2022 मध्ये इंटेलने एकाची किंमत 192 डॉलर ठरवली आणि दुसऱ्याची 167. ‘एफला ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड टाकावं लागंल,’ असं दुकानदार सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण ते ग्राफिक्स गेलं कुठं? कुठंच नाही. ते त्याच सिलिकॉनवर बसलेलं असतं, फक्त बंद केलेलं.

प्रोसेसर एकेक करून बनत नाहीत. 300 मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर ते पापडासारखे एकदम छापले जातात. 200 चौरस मिलिमीटरची चिप असेल, तर एका चकतीत तीनशेच्या आसपास बसतात. धुळीचा एक सूक्ष्म कण किंवा छपाईतली बारीक चूक, की त्या जागची चिप डागाळली. मग प्रत्येक चिप तपासायची. सगळं चालतंय ती वरच्या नावाने, एखादा भाग मेलाय ती तो भाग बंद करून खालच्या नावाने विकायची. या धंद्यात त्याला ‘बिनिंग’ म्हणतात, लातूरकर त्याला प्रतवारी म्हणेल.

12400 ची गंमत तर याहून मोठी आहे. या नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या. एक मुळातच सहा कोअरची, लहान. दुसरी चक्क आय-नाइन 12900 ची, आठ मोठे आणि आठ छोटे कोअर असलेली, पण दोन मोठे आणि सगळे छोटे कोअर बंद करून खाली उतरवलेली. खोक्यावर नाव तेच, किंमतही तीच.

इथवर डाळीची उपमा छान चालते. पुढे मात्र ती मोडते, आणि खरी मजा तिथेच आहे. कारखान्याचा हात बसत जातो तशा सदोष चिप कमी होतात. स्वस्त मालाची मागणी मात्र तेवढीच राहते. मग कंपनी काय करते? धडधाकट चिपचेच काही भाग बंद करून ती स्वस्तात विकते. चुरीला गिऱ्हाईक जास्त म्हणून अख्खी डाळ मुद्दाम फोडणारा मिलमालक लातुरात शोधून सापडणार नाही.

याचा नामी नमुना म्हणजे इंटेलचाच 1991 चा 486एसएक्स. सुरुवातीचे एसएक्स हे वरच्या प्रतीचे 486डीएक्सच होते, फक्त त्यांचा आकडेमोडीचा खास विभाग बंद केलेला. पुढे कुणाला तो विभाग हवासा वाटला, तर 487एसएक्स नावाची जोडचिप विकत मिळे. तीही प्रत्यक्षात अख्खा 486डीएक्सच होती, एका जास्तीच्या पिनेसह. ती बसवली की ती आधीच्या चिपला झोपवून सगळं काम स्वतःच करी. गिऱ्हाईक एकाच वस्तूचे पैसे दोनदा मोजत होतं.

अशी दादागिरी चालते ती समोर तुल्यबळ विक्रेता नसेल तेव्हा. इथे पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचं नाव घ्यायला हवं. ‘पेंटियमचे जनक’ हे बिरुद सगळ्यांना पाठ आहे, 2025 मध्ये त्यांना पद्मभूषणही मिळालं. पण सामान्य गिऱ्हाइकाच्या खिशाशी संबंध आला तो त्यांच्या दुसऱ्या डावाचा. 1995 मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यातून 1997 मध्ये के6 हा प्रोसेसर आला. पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसणारा, आणि इंटेलच्या तोडीच्या चिपपेक्षा 25 टक्क्यांनी स्वस्त ठेवण्याच्या धोरणाने विकलेला. धाम यांनी एएमडीही सोडली, त्यामुळे श्रेय वाटताना त्यांचा हा भाग राहून जातो. इंटेलने 1998 मध्ये सेलेरॉन काढला तो स्वस्त पीसीच्या या बाजारासाठीच. पहिल्या सेलेरॉनची दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी काढून टाकली होती आणि तो इतका सुस्त निघाला, की त्याच वर्षी कॅशसह सुधारित सेलेरॉन आणावा लागला.

किमतीचं हे झालं. माल मिळणं ही वेगळीच कथा.

भारतात प्रोसेसरवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे, जीएसटी 18 टक्के. म्हणजे डॉलर चढला की भाव चढणार, हे सरळ. पण 2018 मध्ये डॉलरशी संबंध नसलेला तुटवडा आला. इंटेलचं 10 नॅनोमीटरचं तंत्र रखडलं, सगळा भार जुन्या 14 नॅनोमीटरच्या कारखान्यांवर पडला आणि त्यात मागणी अनपेक्षित वाढली. सप्टेंबरमध्ये तेव्हाचे हंगामी प्रमुख बॉब स्वान यांनी खुल्या पत्रात सांगून टाकलं, की आधी झिऑन आणि कोअर मालिकेचे महाग प्रोसेसर बनवणार, टंचाई स्वस्त पीसीत जाणवेल. तूर कमी आली तर मिलवाला जास्त भावाच्या मालाची ऑर्डर आधी पुरी करतो, तसंच हे. नोव्हेंबर 2019 मध्येही कंपनी गिऱ्हाइकांची माफी मागतच होती.

योगायोग असा, की 2019 मध्येच इंजिनिअरिंगसाठीची जेईई मेन पूर्णपणे कॉम्प्युटरवर गेली आणि एमएचटी-सीईटीही. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांना सरावासाठी लागतात ती साधी, स्वस्त यंत्रं, नेमकी त्या पत्रात मागच्या बाकावर बसवलेली.

आणि 12400 घेतलेल्या त्या विद्यार्थ्याला आपल्या वाट्याला कुठली चिप आली हे बघायचं असेल, तर सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडावं. ‘सी0’ दिसलं तर आत पायउतार झालेला आय-नाइन आहे. ‘एच0’ दिसलं तर जन्मजात आय-फाइव्ह.