ओल्ड बेलीतील जबान्या आणि कोकणाचा समुद्र
हेन्री एव्हरीच्या खलाशांचा खटला, 1696

1696 सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील रॉचेस्टर गावात एका सरायीत जॉन डॅन नावाचा खलाशी उतरला होता. तिथल्या मोलकरणीला त्याचं जाकीट प्रमाणाबाहेर जड लागलं. तिने वर्दी दिली. अस्तर उसवलं तेव्हा आत शिवलेली सोन्याची नाणी निघाली, 1,045 पौंडांची. त्या काळी इंग्रज नौदलातल्या कसलेल्या खलाशाला महिन्याला 24 शिलिंग मिळत. म्हणजे डॅनच्या अंगावर जवळपास सत्तर वर्षांचा पगार होता. त्याने गळफास टाळायचं ठरवलं आणि सगळं सांगून टाकलं. ते सोनं मक्केहून सुरतेला परतणाऱ्या मोगल जहाजातलं होतं. जहाजाचं नाव गंज-इ-सवाई.

हेन्री एव्हरी, म्हणजे इंग्रजी चाचेकथांतला 'लाँग बेन', हा त्या लुटीचा सूत्रधार. तो कधीच सापडला नाही. त्याच्या जहाजावरचे सहा जण मात्र लंडनच्या ओल्ड बेलीत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध साक्ष देणारेही त्यांचेच जुने सोबती होते. या खटल्याचा वृत्तांत त्याच वर्षी छापला गेला आणि एव्हरीवरच्या बहुतेक पुस्तकांचा तो कणा आहे. तो कोकणच्या बाजूने वाचला की एक प्रश्न पडतो. गुन्हा आपल्या किनाऱ्यावर घडला, मग खटला नेमका कशाचा चालला?

फसलेली सफर

मुळात या माणसांनी चाचेगिरीसाठी नाव नोंदवलंच नव्हतं. सर जेम्स हूब्लन हे लंडनचे बडे व्यापारी. त्यांचे बंधू सर जॉन हे 1694 मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ इंग्लंडचे पहिले गव्हर्नर. हूब्लन आणि त्यांच्या भागीदारांनी स्पेनच्या राजाशी करार करून एक मोहीम आखली होती. वेस्ट इंडिजमध्ये जायचं, व्यापार करायचा, बुडालेल्या स्पॅनिश जहाजांतला खजिना वर काढायचा. 'चार्ल्स द सेकंड', 'जेम्स', 'डव्ह' आणि 'सेव्हन्थ सन' ही चार जहाजं 1693 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडहून निघाली. पुढे प्रवासवर्णनांमुळे नावाजलेला विल्यम डॅम्पियर याच मोहिमेत होता.

जहाजं स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात पोहोचली आणि अडकली. परवाना येईना, पगार मिळेना. करारानुसार दर सहा महिन्यांनी पैसे मिळायचे होते. महिने लोटले, तशा खलाशांच्या बायका लंडनमध्ये हूब्लनच्या दारी गेल्या. त्यांच्या अर्जानुसार त्यांना उत्तर मिळालं ते असं की, माणसं आता स्पेनच्या राजाची. तो त्यांना पगार देवो नाहीतर फाशी देवो.

7 मे 1694 च्या रात्री बंड झालं. त्या रात्रीचा तपशील साक्षींमध्ये अगदी बारकाईने येतो. 'जेम्स'वरून आलेल्या होडीतल्या माणसांनी 'दारुडा बोसन आहे का जहाजावर?' असं विचारायचं, ही खूण ठरली होती. दोर तोडले गेले, जहाज निघालं. कप्तान गिब्सन तापाने फणफणून खोलीत पडला होता. दुसरा अधिकारी डेव्हिड क्रे याच्या साक्षीप्रमाणे, एव्हरीने कप्तानाला सांगितलं की आपण नशीब काढायला निघालो आहोत. ज्यांना जायचं नव्हतं त्यांना कप्तानासह होडीत बसवून किनाऱ्याकडे धाडलं. जोसेफ ग्रॅव्हेट हा त्यांतलाच. विल्यम मे याने आपला हात हातात घेतला, सुखरूप घरी जा म्हणाला आणि बायकोला निरोप दिला, असं ग्रॅव्हेटने कोर्टात सांगितलं. माणुसकीचा हा क्षणच मे याच्या गळ्याशी आला. घरी निरोप धाडणारा माणूस आपल्या मर्जीने मागे राहिला, असा त्याचा सरळ अर्थ लागला.

मागे राहिलेल्या प्रामाणिक खलाशांचंही भलं झालं नाही. डॅम्पियर आणि इतरांनी थकलेल्या पगारासाठी मालकांवर आरमारी न्यायालयात दावा लावला आणि ते हरले.

1695 चा कोकण

'चार्ल्स द सेकंड'चं नाव एव्हरीने बदलून 'फॅन्सी' केलं आणि आफ्रिकेला वळसा घालून तो तांबड्या समुद्राच्या तोंडाशी आला. तो जिथे येऊ पाहत होता त्या किनाऱ्याची तेव्हाची घडी समजून घ्यायला हवी.

अंबरनाथ पश्चिमेत राहणाऱ्याला आज समुद्र म्हणजे लोकलचा सव्वा-दीड तास. सतराव्या शतकात तो बराच जवळ होता. उल्हास नदी कल्याणपाशी खाडी होते, ती खाडी ठाण्यावरून वसईला समुद्राला मिळते आणि भरतीच्या पाण्यावर गलबतं कल्याणपर्यंत येत. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची पहिली जहाजं याच खाडीत बांधायला घेतली. पण 1689 मध्ये संभाजीराजांच्या वधानंतर चित्र पालटलं. रायगड पडला. कल्याण मातबरखानाने मोगलांसाठी जिंकलं. वालधुनीकाठचं अंबरनाथाचं शिवालय, शके 982 चं, तेव्हा सव्वासहाशे वर्षांचं झालं होतं आणि त्याच्या परिसरावर कल्याणच्या मोगली ठाण्याची हुकमत होती. खाडीपलीकडे ठाणे-वसई पोर्तुगीजांकडे. मुंबई बेट इंग्रजांकडे. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान म्हणजे बादशहाचं आरमार. 1689-90 मध्ये त्याने मुंबईत उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं होतं. राजाराम महाराज जिंजीला. आणि खुद्द औरंगजेब 1695 पासून भीमेकाठी ब्रह्मपुरीला, आजच्या सोलापूर जिल्ह्यात, तळ ठोकून बसलेला.

या भीमेकाठच्या छावणीतच पुढे गंज-इ-सवाईची बातमी आली.

दोन तासांची लढाई

डॅनच्या जबानीत पाठलागाची हकीकत आहे. पंचवीस मोगली जहाजांचा ताफा शनिवारच्या रात्री अंधारात त्यांना चुकवून निघून गेला. सकाळी एका लहान गलबताला पकडल्यावर ते कळलं. मग भारताच्या दिशेने पाठलाग. आधी सुरतेचा धनाढ्य व्यापारी अब्दुल गफूर याचं 'फतेह मुहम्मद' लुटलं. मग संजाणजवळच्या भूशिरापाशी, ज्याला इंग्रज केप सेंट जॉन म्हणत, गंज-इ-सवाई दिसलं. डॅनच्या म्हणण्यानुसार लढाई दोन तास चालली.

दुसरी बाजू लिहून ठेवली ती मुहम्मद हाशिम ऊर्फ खाफीखानाने. 'मुन्तखब-उल्-लुबाब' या ग्रंथाचा हा कर्ता तेव्हा सुरतेत होता. त्याच्या मते जहाजावर 80 तोफा, 400 बंदुका आणि मोखा-जेद्द्यात माल विकून आलेलं 52 लाख रुपयांचं सोनं-चांदी होती. सुरत बंदरात याहून मोठं जहाज नव्हतं. पण पहिलाच गोळा सोडताना तोफ फुटली आणि आपलीच तीन-चार माणसं गेली. त्याच सुमारास शत्रूच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी जायबंदी केली. नाखुदा इब्राहिमखान तळघरात पळाला आणि मोख्याला विकत घेतलेल्या तुर्की मुलींना पागोटी घालून, हाती तलवारी देऊन लढायला पिटाळू लागला. खाफीखानाने त्याला बिलकुल दयामाया दाखवलेली नाही.

पुढचं लिहिताना मात्र त्याचा उपहास थांबतो. चाच्यांनी आठवडाभर जहाज धुंडाळलं, पुरुषांना नागवलं, बायकांची अब्रू घेतली. काहींनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी कट्यारी खुपसून घेतल्या. मोगल इतिहासकाराने रंगवून सांगितलं असेल म्हणून हे बाजूला सारता येत नाही. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर सर जॉन गेअर याने ऑक्टोबर 1695 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला लिहिलेल्या पत्रातही हेच आहे. पैसे कुठे आहेत हे वदवण्यासाठी छळ झाला, हजहून परतणाऱ्या एका उमरावाच्या वयस्क पत्नीलाही सोडलं नाही, बायकांवर अत्याचार झाले, आत्महत्या झाल्या. आपल्याच देशबांधवांविरुद्ध असलं काही लिहिण्यात गेअरचा कसलाच लाभ नव्हता.

वखार, बेड्या आणि नाणी

लुटलेलं जहाज सुरतेला लागलं आणि शहर खवळलं. सुरतेच्या वखारीचा प्रमुख सॅम्युएल ॲन्स्ली आणि त्याची माणसं बेड्यांत पडली. सुटका व्हायला 1696 चा जून उजाडला. बादशहाने सिद्दी याकूतखानाला आणि सुरतेचा अधिकारी इतिमादखान याला मुंबईवर चालून जाण्याची तयारी करायला सांगितलं. शिवाय बातमीदारांनी सुरतेहून आणखी एक पुरावा पाठवला होता: मुंबईत इंग्रजांनी पाडलेले, स्वतःच्या राजाचं नाव असलेले रुपये. फारसी अक्षरांत विल्यम आणि मेरी यांची नावं असलेली ती नाणी. लुटीइतकीच ही गोष्टही दरबाराला झोंबली.

याच सुमारास खाफीखान सुमारे दोन लाखांचा ऐवज घेऊन सुरतेहून राहिरीला, म्हणजे रायगडाला, तिथला मोगल फौजदार अब्दुर्रझाक याच्याकडे निघाला होता. वाटेत मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याला बोलावलं. दुतर्फा उभे सशस्त्र शिपाई त्याने पाहिले आणि नाण्यांबद्दल विचारणा केली. उत्तर मिळालं: हिंदुस्थानी नाणी वजनाला कमी आणि हिणकस निघतात, व्यवहारात तंटे होतात, म्हणून आम्ही आपली पाडतो. मुंबईचा महसूल दोन-तीन लाखांचा, तोही मुख्यतः सुपारी-नारळाचा. तेवढ्यावर यांचं भागत नाही, बाकीची भर जहाजं लुटून घालतात, असा खाफीखानाचा निष्कर्ष.

चाचे आमचे नव्हेत, असं कंपनी घसा कोरडा करून सांगत होती. ते खरंही होतं; फॅन्सी कंपनीचं जहाज नव्हतं. पण टोपीकर, म्हणजे युरोपीय, व्यापाऱ्यामागे त्याचा राजा उभा असतो, तो इतर सावकारांसारखा नव्हे, हे पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलं आहे. मोगल दरबाराचा संशय याहून वेगळा नव्हता. अखेर हज यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण पुरवायचं युरोपीय कंपन्यांनी पत्करलं आणि प्रकरण मिटलं. 1695 च्या नोव्हेंबरात दोड्डेरीला संताजी घोरपड्यांनी मोगल सरदार कासिमखानाचा धुव्वा उडवला होता, हे लक्षात घेतलं तर बादशहाने मुंबईची मोहीम शेवटास का नेली नाही, याचं एक कारण दिसतं.

पंच काय म्हणाले

आता पुन्हा लंडन. कंपनीला सुरतेत दाखवण्यासाठी फाशी हवी होती. 19 ऑक्टोबर 1696 ला जोसेफ डॉसन, एडवर्ड फोर्सिथ, विल्यम मे, विल्यम बिशप, जेम्स लुइस आणि जॉन स्पार्क्स यांच्यावर गंज-इ-सवाई लुटल्याचा खटला उभा राहिला. सर चार्ल्स हेजेस आणि सरन्यायाधीश होल्ट यांच्यासारखे न्यायाधीश बसले होते. माफीचे साक्षीदार तयार होते. आणि पंचांनी सगळ्यांना निर्दोष सोडलं.

सरकार हादरलं. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही, म्हणून आरोप बदलला: ला कोरुन्यात 'चार्ल्स द सेकंड' हे इंग्रज जहाज पळवल्याचा. 31 ऑक्टोबरला नवे पंच बसले. छापील वृत्तांतात विस्ताराने येतात त्या याच दुसऱ्या खटल्यातल्या साक्षी. म्हणूनच त्यांत दारुडा बोसन आहे, तापाने फणफणलेला कप्तान आहे, बायकोला निरोप आहे.

डॉसन सोडून बाकी सगळ्यांचा बचाव एकच: आम्हाला जबरदस्तीने नेलं. फोर्सिथ म्हणाला, आपण कप्तानाच्या हुकमावरून होडीत उतरलो होतो. मे म्हणाला, आपण तीस वर्षं राजाची चाकरी केली आहे. कोवळ्या वयाच्या फिलिप मिडल्टनला त्याचा वाटा विचारला तेव्हा त्याने शंभर पौंडांचा आकडा सांगितला. ते पैसे कुठे गेले? जॉन स्पार्क्सने चोरले. स्पार्क्स समोरच पिंजऱ्यात उभा होता.

डॉसनने गुन्हा कबूल केला आणि त्याचा जीव वाचला. उरलेल्या पाच जणांना 25 नोव्हेंबर 1696 ला थेम्सकाठच्या एक्झिक्यूशन डॉकवर फाशी दिली.

या सगळ्या कागदांत पगार, होड्या, खुणेचे शब्द, वाटे यांचा बारीकसारीक हिशेब मिळतो, कारण कोर्टाने तेच विचारलं. गंज-इ-सवाईवरचा एकही माणूस साक्षीला नव्हता. नाखुदाही नाही, सुरतेचा कोणी व्यापारीही नाही, आणि वाचलेल्या बायकांपैकी तर कोणी असणं शक्यच नव्हतं. त्यांच्यावर काय गुजरलं ते समजायला गेअरचं पत्र आणि खाफीखानाचा फारसी ग्रंथ ओल्ड बेलीच्या वृत्तांतासोबत मांडून वाचावे लागतात. त्यातही ऐकू येतो तो पुरुषांचाच आवाज.

फाशीच्या वेळी एकट्या स्पार्क्सने ही उणीव बोलून दाखवली. जहाज पळवल्याच्या पापापेक्षा त्या हिंदी लोकांशी आपण जे अमानुष वागलो त्यासाठी हे मरण आपल्याला योग्यच आहे, असा त्याच्या अखेरच्या कबुलीचा आशय आहे. मिडल्टनचे शंभर पौंड चोरणारा हाच तो माणूस. त्याला कळलेली गोष्ट कोर्टाच्या निकालात मात्र कुठेही उतरली नाही. त्या निकालाप्रमाणे पाच जण एका इंग्रज मालकाचं जहाज चोरल्याबद्दल फासावर गेले. संजाणच्या समुद्रात जे घडलं त्याबद्दल ते आजही निर्दोष आहेत.