कड्यावरची शिरगणती

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या वायव्येला, किटाटिनी ही अॅपलेशियन पर्वताची एक लांबलचक रांग पसरली आहे. तिच्यावर सुमारे १,५०० फूट उंचीवर वालुकाश्माच्या मोठमोठ्या धोंड्यांचा एक कडा आहे, ‘नॉर्थ लुकआउट’. दरवर्षी १५ ऑगस्टपासून १५ डिसेंबरपर्यंत इथे दुर्बीण घेऊन कुणीतरी बसलेलं असतं. उत्तरेच्या जंगलांतून दक्षिणेकडे निघालेले गरुड, बाज, ससाणे आणि गिधाडं या कड्यावरून जातात आणि जाताना मोजली जातात. एका हंगामात सरासरी १८,००० च्या आसपास पक्षी होतात. हॉक माउंटन नावाच्या या जागेवरची ही शिरगणती १९३४ साली सुरू झाली.

पक्षी नेमके इथूनच का जातात, याचं उत्तर वाऱ्यात आहे. थंड हवेची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा सुटतो. तो या रांगेवर आडवा आदळतो आणि पुढे वाट नसल्यामुळे उतारावरून वर चढतो. भर पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचं पाणी उलटं वर उडताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या वाऱ्याची ताकद वेगळी सांगायला नको. त्यावर पंख पसरले की पक्षी मैलच्या मैल पंख न हलवता तरंगत जातो. शेकडो मैलांचा पल्ला असलेल्या पक्ष्यासाठी अंगातली चरबी वाचणं ही जगण्या-मरण्याची गोष्ट असते.

ब्रॉडविंग नावाच्या छोट्या बाजाची रीत जरा निराळी. दक्षिण अमेरिकेपर्यंत जाणारे हे पक्षी ऊन तापल्यावर जमिनीवरून उठणारी गरम हवा पकडतात. सप्टेंबरच्या मध्यावर शेकड्यांनी एकाच झोतात घिरट्या घालत ते वर चढतात. असा गरगरता घोळका मोजायला गेलं तर तोच पक्षी तीनदा मोजला जाणार. म्हणून मोजणारा थांबतो. झोताच्या माथ्यावर पोचल्यावर पक्षी एकामागून एक सुटतात आणि पंख ताणून पुढच्या झोताकडे घसरत जातात. ती रांग लागली की हातातलं मोजयंत्र टकटकू लागतं. १९७८ च्या सप्टेंबरात एका दिवसात २१,००० हून जास्त ब्रॉडविंग असे मोजले गेले. एखाद्या अख्ख्या हंगामाच्या सरासरीहून ही संख्या मोठी आहे.

समोरच्या रांगेवरच्या उंचवट्यांना इथे एक ते पाच असे आकडे दिलेले आहेत. ‘तीनवर एक पक्षी’ एवढं कुणी म्हटलं की सगळ्या दुर्बिणी तिकडे वळतात. काठीवर घुबडाची प्रतिकृती लावलेली असते. तिच्यावर झडप घालायला पक्षी जवळ येतात आणि ओळखायला सोपे जातात. तासातासाला जातीवार संख्या, वाऱ्याची दिशा, तापमान, ढग, दृश्यमानता असं सगळं तक्त्यात उतरतं. शून्य पक्ष्यांचा तासही तितक्याच काळजीने लिहिला जातो, आणि मला या कामाची खरी प्रतिष्ठा त्या शून्यांतच दिसते.

ज्या वाऱ्यामुळे पक्षी इथे येत, त्याच वाऱ्यामुळे एके काळी बंदुकाही येत. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्या आणि ससे पळवणारे चोर, अशी त्या काळी समजूत होती. १९२९ साली राज्याच्या शिकार आयोगाने गॉसहॉक जातीचा बाज मारणाऱ्याला पाच डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती. शिवाय कड्यावर उभं राहून गोळी झाडणारा गॉसहॉक कुठला आणि दुसरा बाज कुठला हे पाहत बसत नसे. (पुढे, २०२१ मध्ये, त्याच आयोगाला गॉसहॉकचं नाव राज्यातल्या धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत घालावं लागलं.) १९३२ साली रिचर्ड पॉ या तरुणाने मारलेले पक्षी जमिनीवर ओळीने मांडून त्यांची छायाचित्रं काढली. ती न्यूयॉर्कच्या रोझली एज यांनी पाहिली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात मुरलेल्या या बाई ठराव करून थांबणाऱ्या नव्हत्या. १९३४ मध्ये त्यांनी डोंगरावरची सुमारे १,४०० एकर जमीन भाड्याने घेतली. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेलं जगातलं पहिलं अभयारण्य असं उभं राहिलं.

राखणीसाठी त्यांनी मॉरिस ब्रून आणि त्यांच्या पत्नी इर्मा यांना बोलावलं. बंदुका घेऊन येणाऱ्यांना इर्मा फाटकाशी अडवून परत पाठवत. मॉरिस वर कड्यावर बसून पक्षी मोजू लागले. महायुद्धात ते नौदलात गेले तेव्हा, १९४३ ते १९४५ या काळात, मोजणीत खंड पडला. तेवढा सोडला तर वही पुढे चालूच राहिली.

बाल्ड ईगलचं डोकं आणि शेपूट पांढरी व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. त्यामुळे तरुण गरुड लांबूनही ओळखू येतो, आणि ब्रून त्यांची नोंद वेगळी ठेवत. १९३५ ते १९३९ या वर्षांत दिसलेल्या बाल्ड ईगलांपैकी ४० टक्के तरुण होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं. १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच तरुण पक्षी दिसला. म्हातारे गरुड येत होते, त्यांच्या घरट्यांतून नवी पिढी मात्र येत नव्हती. युद्धानंतर शेतांवर आणि जंगलांवर फवारलं गेलेलं डीडीटी हे कीटकनाशक माशांतून गरुडांच्या अंगात साचत होतं. त्याने अंड्यांची कवचं पातळ होतात, हे पुढे सिद्ध झालं.

निसर्गलेखिका रेचल कार्सन १९४५ च्या शरदात या कड्यावर येऊन गेल्या होत्या. ‘सायलेंट स्प्रिंग’ हे कीटकनाशकांवरचं पुस्तक लिहिताना त्यांनी ब्रून यांच्याकडून हे आकडे मागवले आणि त्यात वापरले. पुस्तक १९६२ च्या सप्टेंबरात आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात रोझली एज वारल्या. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी घातली. या आकड्यांचं बळ कशात होतं? डीडीटीविरुद्ध पुरावा गोळा करायचा म्हणून ते कुणी लिहिले नव्हते. विष येण्याच्या आधीपासून, त्याच जागी, त्याच पद्धतीने वही भरत आली होती. संकट दिसल्यावर मोजायला बसलेल्या माणसाकडे तुलनेसाठी जुना आकडाच नसतो.

एका वर्षाच्या संख्येवर मात्र विसंबता येत नाही. वारा फिरला तर पक्षी दुसऱ्या रांगेने जातात, आणि निरभ्र आकाशात फार उंचावरून गेलेला पक्षी नजरेला पडतच नाही. म्हणून किती तास मोजलं तेही लिहायचं, आणि निष्कर्ष दशकांच्या पल्ल्यावर काढायचा. त्या पल्ल्यावर बाल्ड ईगलची चढण स्वच्छ दिसते. १९७० च्या दशकात हंगामाला जेमतेम काही डझन दिसणारे हे गरुड आता शेकड्यांनी मोजले जातात.

आपल्या डोक्यावरूनही असा एक प्रवास जातो. नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी २०१२ च्या शरदात अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात पकडून मारले गेले. गावकरी, चर्च, वनखातं आणि पक्षिप्रेमी यांनी मिळून पुढच्याच वर्षी ते थांबवलं. उपग्रह-यंत्रं बसवलेले ससाणे तिथून निघून भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे गेले. लोणावळ्याच्या पठारांवरही हे ससाणे दिसतात. सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर दर शरदात, न चुकता, पन्नास वर्षं त्यांची वही भरली जावी असं मला मनापासून वाटतं.

हॉक माउंटनची आजची काळजी मात्र वेगळ्याच पक्ष्याची आहे. अमेरिकन केस्ट्रेल हा आपल्या खरुचीचा छोटा भाऊबंद, शेतांच्या कडेला तारेवर बसणारा. त्याची संख्या कित्येक दशकं उतरते आहे आणि अनेक संशयित कारणांपैकी नेमकं कोणतं, यावर अजून एकमत नाही. झाडांच्या ढोली कमी झाल्या असतील, कुरणांवर बांधकामं झाली असतील, कीटकनाशकांनी नाकतोडे संपले असतील. म्हणून कड्यावरची मोजणी चालू ठेवून ही माणसं आसपासच्या शेतांत घरट्यांसाठी लाकडी पेट्या लावतात, किती अंडी घातली, किती पिल्लं उडाली हे पाहतात आणि पिल्लांच्या पायांत क्रमांकाची कडी घालतात.